मोटारीचं शटर सुरक्षित आहे का?

प्रश्न : आमच्या गॅरेजला रिमोटचं रोलिंग शटर आहे. नातवंडं तिथेच खेळतात. शटरची सुरक्षा घरी कशी तपासावी?
– एक वाचक, नेहरूनगर, भिलाई

उत्तर : आधी शटरला सेन्सर आहे का ते पाहा. आपल्याकडे बरीच शटरं त्याविनाच बसवतात. अमेरिकेत 1993पासून घरगुती स्वयंचलित दारांना अडथळा ओळखणारी सोय सक्तीची आहे. सेन्सर नसेल, तर जमिनीपासून साधारण 15 सेंमीवर बसवून घ्या.

चाचणी महिन्यातून एकदा करा. मुलांना दूर ठेवा. शटर खाली येताना झाडूचा दांडा सेन्सरच्या किरणाच्या आड धरा, हात नको. शटर लगेच थांबून वर गेलं पाहिजे. तसं झालं नाही, तर शटरची मोटार वापरणं थांबवा. वीज बंद करून साखळीने किंवा हँडलने शटर चालतं का, तेही बघा.

भिलाईच्या उन्हाळ्यात धूळ फार. सेन्सरची काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. मार्गिकेत ग्रीस नको, त्याला धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे चालेल. ताणलेल्या स्प्रिंगला मात्र स्वतः हात लावू नका, ते मेकॅनिकचं काम. रिमोट मुलांच्या हाती लागू देऊ नका.