आधी क्रम, मग सजावट

पनवेल

चि. सायली,

एकांकिकेच्या पोस्टरचा तुझा कच्चा आराखडा मिळाला. रंग छान निवडलेस. पण नाव, लेखक, कलाकार, तारीख, तिकीट, प्रायोजक असं सगळं जवळपास एकाच आकारात आहे. नजर कुठे ठेवावी, तेच कळत नाही.

हे पोस्टर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहाबाहेर लागणार. समोरून जाणाऱ्याला घाई असते. नाटक कोणतं, कुणाचं, कधी, कुठे, एवढंच त्याला हवं असतं. म्हणून कॉम्प्युटर उघडण्याआधी कागदावर मजकुराला १, २, ३ असे आकडे घाल. पहिला मान एकालाच.

इंग्रजीत कॅपिटल अक्षरांनी शब्द उठवता येतो. देवनागरीत ती सोय नाही. आपल्या हातात आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. शिरोरेषा नजरेला आडवी पुढे नेते, म्हणून शीर्षक दोन ओळींत घेशील तेव्हा अर्थ पाहून तोड. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांत घुसणार नाहीत एवढं अंतर राख.

आता तुझी नायिका. ती उजव्या कडेला उभी आहे आणि कागदाबाहेर पाहते आहे. माणूस आधी चेहरा बघतो, मग तो चेहरा जिकडे बघतो तिकडे वळतो. म्हणजे तूच प्रेक्षकाला बाहेर काढते आहेस. तिला डाव्या कडेला घे, म्हणजे तिची नजर शीर्षकावर जाईल. फोटो मात्र उलटा फिरवू नकोस, पदर भलत्या खांद्यावर जाईल. लाल पट्टी तू प्रायोजकांना दिलीस. लाल रंग एकाच जागी वापर आणि तो तारखेला दे. तारखेभोवती जागा मोकळी सोड. रिकामी दिसते म्हणून ती भरायचा मोह होईल, तो आवर.

अक्षररचनाकार कमल शेडगे यांचं काम नीट बघ. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीच्या काळ्या-पांढऱ्या, इवल्याशा चौकटीत नाटकाचं नाव त्यांनी असं रेखाटलं, की त्या अक्षरांवरूनच नाटकाचा स्वभाव कळावा. नजर आधी नावावर थांबे, मग प्रयोगाच्या वेळेकडे जाई. त्यांचं ‘माझी अक्षरगाथा’ हे पुस्तक मिळवून वाच.

नवा आराखडा भिंतीला लाव, दहा पावलं मागे जा आणि डोळे किलकिले करून बघ. जे पहिलं दिसेल, ते तुझ्या यादीतही पहिलं असलं पाहिजे. नसेल, तर पुन्हा मांड. कुठे आधी बघायचं हे ठरवण्याचं काम डिझाइनरचं आहे. ते बघणाऱ्यावर कधीही टाकू नकोस.

तुझा,
मामा