विहारमार्ग आणि मोबाईलवरील स्थानिक मंडळे

एका परिसरातील माणसांना मोबाईलद्वारे परस्परांशी जोडण्याची कल्पना डेनिस क्राउली व ॲलेक्स रेनर्ट यांनी न्यूयॉर्क येथे 2000 साली सुरू केलेल्या ‘डॉजबॉल’मध्ये पाहावयास मिळाली. आपला ठावठिकाणा संदेशाने कळविला, की जवळपासच्या मित्रांना तो समजत असे. गूगलने ती सेवा 2005 मध्ये विकत घेतली आणि 2009 मध्ये बंद केली. तेथे हेतू बहुतांशी करमणुकीचा होता. आपल्या समाजाने याच कल्पनेचा अधिक गंभीर उपयोग केला आहे, तो साधु-साध्वींच्या विहारात.

कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होतात. इच्छापूरहून बऱ्हाणपूर सुमारे 20 किलोमीटर, आणि तेथून असीरगड जवळजवळ तितकेच. पुढे हाच रस्ता इंदूरकडे जातो. सकाळच्या धुक्यात मालमोटारींच्या शेजारून पायी चालणे किती धोक्याचे, हे सांगावयास नको. म्हणून महाराष्ट्र-गुजरातेत विहारसेवेचे तरुण गट साधूंबरोबर चालतात, आणि पुढच्या गावाला व्हॉट्सॲपवरून वर्दी देतात. 2017 पासून त्यात चालता ठावठिकाणा दाखविण्याची सोय आहे. ती 15 मिनिटे, 1 तास किंवा 8 तासांपुरती ठेवता येते. यंत्र अर्थातच सोबतच्या श्रावकाजवळ असते.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. व्हॉट्सॲपच्या एका गटात 2022 पासून 1024 जण सामावतात. परंतु इंदूरच्या सभासदाने हात जोडलेले चित्र धाडले, म्हणून इच्छापूरच्या वळणावर कोणी उभा राहत नाही! तेथे त्या टापूतीलच 30-40 माणसे हवीत, जी पहाटे घराबाहेर पडतील. टापूगणिक निराळा गट ठेवावा, हे माझे स्पष्ट मत आहे. घाटात संपर्क तुटण्याचा संभव धरून निघण्याची वेळ व मुक्कामाचे गाव आधीच लिहून कळवावे.

साध्वींचा रात्रीचा मुक्काम अनोळखी माणसे असलेल्या गटात कदापि जाहीर करू नये. (वसुलीस निघालेल्या आपल्या मुनिमालाही हाच नियम लागू आहे.) दुसरी अडचण शास्त्राची आहे. साधूंकरिता मुद्दाम केलेला आहार त्यांना अग्राह्य असतो, आणि आगाऊ वर्दी मिळाली की चुली त्यासाठीच पेटण्याचा मोह होतो. यास्तव वाटेची वर्दी चालणाऱ्या स्वयंसेवकांपुरतीच राहावी, आणि विहार पुढच्या टापूत गेला की ठावठिकाणा दाखविणे त्याच क्षणी थांबवावे.