एबीएसचा दिवा आणि चाकाचे बेअरिंग : आधी निदान, मग खर्च

कपाशीची पाने लाल पडली म्हणजे लगेच औषध फवारून भागत नाही. अन्नद्रव्यांची कमतरता, तुडतुड्यांचा प्रादुर्भाव, साचलेले पाणी की रात्रीची थंडी, यांपैकी खरे कारण कोणते हे आधी पाहावे लागते. मोटारीतील एबीएसच्या दिव्यालाही हाच नियम लागू पडतो. दिवा हे लक्षण आहे. रोग बहुधा चाकापाशी असतो.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून नवीन मोटारींना एबीएस बंधनकारक झाले. त्यामुळे वऱ्हाडातील अनेक शेतकऱ्यांच्या दारातील गाडीत आता ही यंत्रणा आहे.

एबीएसचे कार्य

ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यास चाके जाम होतात, गाडी घसरते आणि स्टिअरिंग वळवूनही वळत नाही. हे टाळण्यासाठी प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर बसवलेला असतो. त्याच्यासमोर चाकाबरोबर दातेरी किंवा चुंबकीय कडे फिरते. सेन्सर त्यावरून चाकाचा वेग मोजतो. दोहोंमधील अंतर अगदी थोडे, साधारणपणे एक मिलिमीटरच्या आसपास असते. बेअरिंग झिजले की चाक डुलते, हे अंतर कमी-जास्त होते, संदेश तुटतो आणि दिवा लागतो. अनेक नवीन गाड्यांत चुंबकीय कडे बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेले असते. म्हणून चाकाची घरघर आणि एबीएसचा दिवा हे पुष्कळदा एकाच दोषाचे परिणाम असतात.

दिवा लागल्यास काय करावे ?

१) गाडी सुरू करताना हा पिवळा दिवा काही क्षण लागून विझणे योग्य आहे. तो विझला नाही किंवा चालताना लागला, तर एबीएस बंद झाले असे समजावे. साधा ब्रेक सहसा चालू राहतो. मात्र वेग कमी ठेवावा व पुढील वाहनापासून जास्त अंतर राखावे.

२) सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागल्यास गाडी सुरक्षित जागी थांबवावी. हॅंडब्रेक सुटला असूनही दिवा कायम असेल, तर ब्रेक ऑइल पाहावे व गाडी तशीच पुढे नेऊ नये.

३) गॅरेजमध्ये यंत्र लावून कोड वाचून घ्यावा. कोड बहुधा कोणत्या चाकाचा संदेश बिघडला एवढेच सांगतो. सेन्सर खराब आहे असा त्याचा अर्थ नव्हे. नुसता कोड पुसून दिवा घालवणे म्हणजे रोगट पान तोडून झाड बरे झाले असे मानणे होय.

४) नवीन सेन्सर घेण्यापूर्वी त्या चाकाची वायर व जोड पाहावेत. आपल्या काळ्या मातीचा चिखल सेन्सरभोवती घट्ट बसतो. नाल्यातून गाडी गेल्यास जोडात पाणी शिरते. गोठ्यात किंवा गोदामाजवळ उभ्या गाडीची वायर उंदीरही कुरतडतात.

बेअरिंगची तपासणी

१) आवाज : शेतरस्त्यावरील खडखडाटात बेअरिंगचा आवाज लपतो, तो गुळगुळीत रस्त्यावर ऐकावा. अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जून २०२२ मध्ये ७५ कि.मी. डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्याचा विक्रम झाला. अशा रस्त्यावर खिडक्या बंद करून कान द्यावा. वेगाबरोबर वाढणारी आणि गिअर बदलला तरी तशीच राहणारी घरघर ही बेअरिंगची खूण आहे. उजव्या वळणावर ती वाढल्यास डाव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय घ्यावा, कारण भार तिकडे जातो. रस्ता बदलताच आवाज बदलला, तर दोष टायरचा असू शकतो.

२) हालचाल : गाडी सपाट व टणक जागी उभी करून इतर चाकांना उटी लावावी. जॅकने संशयित चाक उचलून गाडीखाली भक्कम स्टॅंड ठेवावा. केवळ जॅकवर विसंबू नये. घड्याळातील १२ व ६ च्या जागी टायर धरून हलवावे. ढिलेपणा जाणवल्यास दुसऱ्या व्यक्तीस ब्रेक दाबण्यास सांगून पुन्हा हलवावे. ढिलेपणा नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. कायम राहिला तर बॉल जॉइंट किंवा इतर सांधे तपासावेत.

३) कंप : चाक हाताने फिरवून दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा. खरखर जाणवल्यास बेअरिंग झिजले आहे.

बदलताना घ्यावयाची काळजी

बैलगाडीच्या आसाला वंगण देता येते, ट्रॉलीचे बेअरिंग धुऊन, ग्रीस भरून पुन्हा कसता येते. मोटारीचे बंद बेअरिंग मात्र झिजल्यावर बदलावेच लागते. गाडीत कडे बेअरिंगमध्येच असेल, तर तसेच बेअरिंग मागावे. कड्याची बाजू सेन्सरकडेच यावी. उलट बसवल्यास नव्या बेअरिंगनेही दिवा विझणार नाही. कडे चुंबकापासून व लोखंडाच्या कणांपासून जपावे. हातोड्याने ठोकून न बसवता प्रेसवर बसवून घ्यावे आणि नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्यानेच कसावा.

घरघरीकडे दुर्लक्ष केल्यास झिजलेले बेअरिंग तापते, चाक जाम होते आणि प्रसंगी निखळतेही. संत्र्याच्या तोडीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत गाडी रोज धावते, घरची माणसेही तीत असतात. म्हणून हंगामापूर्वीच चारही चाके तपासून घ्यावीत. आधी चाक हलवून पाहावे, मग वायर, मग सेन्सर. या क्रमाने गेल्यास अनावश्यक खर्च वाचेल आणि प्रवास सुरक्षित होईल.