हमामात्सूचा माग, उधन्याची गाडी

उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा. सुरतेच्या या भागांत राहणाऱ्या खानदेशी माणसाला दोन घरं असतात. एक इथलं आणि दुसरं साक्री, शिंदखेडा, नंदुरबार नाहीतर अमळनेरकडचं. गाडी घेताना तो आधी या दोन घरांमधला रस्ता डोळ्यांपुढे आणतो, शोरूमचा झगमगाट नंतर. मी आधी लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा होतो, आता लूमच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. आमच्या घरात आलेल्या तिन्ही गाड्या सुझुकीच्या. आधी जुनी मारुती ८००, मग वॅगन आर, आता अर्टिगा. त्या चालवताना, दुरुस्त करून घेताना आणि त्यातल्या दोन विकताना जे हाती लागलं, ते पुढे लिहितो.

१. कंपनी कुठल्या धंद्यातून आली ते बघावं.

सुझुकी ही मुळात आमच्याच बिरादरीतली. मिचिओ सुझुकी हा सुतारकाम शिकलेला माणूस. १९०८ मध्ये त्यानं आईसाठी पायानं चालवायचा माग बनवला आणि १९०९ मध्ये जपानच्या हमामात्सूत मागांचा कारखाना काढला. आग्नेय आशियातले लोक कमरेला गुंडाळतात ते सारोंग विणणारे त्याचे माग परदेशी गेले. छोटी मोटार बनवायचे प्रयोग १९३७ पासून चालले होते, पण युद्धात ते थांबले. १९५१ च्या आसपास कापडाचा बाजार बसला, मागांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा १९५२ मध्ये सायकलला लावायचं ३६ सीसीचं छोटं इंजिन निघालं. १९५४ मध्ये कंपनीच्या नावात मोटर आली आणि १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ ही ३६० सीसीची चिमुकली मोटार रस्त्यावर आली. सुरतेत ग्रे कापडाला मंदी आली की लूम भंगारात घालून प्लॉटच्या दलालीत शिरणारे शेठ मी पुष्कळ पाहिले. मंदीतून मोटार काढणारा एकही नाही.

टोयोटाचं मूळही हेच. साकिची टोयोडा हमामात्सूच्या शेजारच्या कोसाईचा. त्याच्या १९२४ च्या मागात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं विकत घेतले. विलायतेतल्या यंत्रवाल्यांनी जपानी माणसाकडून माग शिकावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मागाचं गिऱ्हाईक गरीब असतं. त्याला दिखावा नको असतो. माग बंद पडला तर तो आजच, इथंच आणि थोड्या पैशांत चालू झाला पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. सुझुकीच्या गाड्यांत मला हा स्वभाव अजून दिसतो. त्याचे फायदे घेतले आणि तोटेही सोसले. तोटे सातव्या कलमात आहेत.

२. गाडीपेक्षा रस्त्यावरचा मिस्त्री मोठा.

१४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीच्या हरपाल सिंग यांना इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मिळाली. तिची किंमत ४७,५०० रुपये. गाडी यायच्या आधीच सव्वा लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरून नंबर लावले होते. आमच्याकडे ही गाडी आली तेव्हा तिच्यात नवलाई उरलेली नव्हती. कुणाची तरी तिसऱ्या हातची, रंग उडालेली. पण ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं ते इंजिन कडोदऱ्यापासून धुळ्यापर्यंतच्या प्रत्येक मिस्त्रीला पाठ होतं.

एकदा विसरवाडीच्या पुढे क्लचची केबल तुटली. गाडीत माय, बायको, पोरं आणि लग्नाचा आहेर. टपरीवजा गॅरेजमधल्या पोरानं केबल खिळ्याला टांगलेली होतीच, ती काढून चहा संपायच्या आत बसवली. पैसे विचारले तर म्हणाला, “द्या भाऊ, काय द्यायचं ते.” तेव्हापासून कुणी मला गाडी कोणती घेऊ म्हणून विचारलं की मी उलट विचारतो, तुझ्या गावच्या रस्त्यावर हिचा क्लच, हिचे ब्रेक लायनर, हिचा पंख्याचा पट्टा मिळतो का? पंधरा लाखांची गाडी सेन्सरसाठी नवापूरला आठवडाभर उभी राहिलेली मी पाहिली आहे.

मारुती ८०० चं उत्पादन १८ जानेवारी २०१४ ला थांबलं. आमची त्याआधीच नवापूरकडच्या एका शिक्षकाला विकली होती. तिचे भाग अजून मिळतात.

३. जपानी म्हणजे सगळे एकच नव्हेत.

सुरतेच्या हिरे कारखानदारांनी दिवाळीत कारागिरांना गाड्या वाटल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या वाटपात डॅटसनच्या रेडी-गो गाड्याही होत्या. डॅटसन हे निस्सानचं जुनं नाव २०१४ मध्ये भारतात परत आलं आणि २०२२ मध्ये इथलं उत्पादन बंद करून गेलंही. मित्सुबिशीची लान्सर एके काळी काय दिमाखात फिरायची! आता तिचा दिवा फुटला तर भंगारबाजार धुंडाळावा लागतो. जपानी कारागिरी चांगली असते, हे खरं. पण कंपनी इथं टिकून राहणार का, हा प्रश्न वेगळा. सुझुकीनं १९८२ मध्ये सरकारशी मारुतीचा करार केला तेव्हा तिचा त्यात हिस्सा २६ टक्के होता. पुढे ती बहुमताची मालक झाली आणि २०१७ पासून आपल्या गुजरातेत, बेचराजीजवळच्या हांसलपूरला तिच्या गाड्या बनू लागल्या. एवढं भांडवल गुंतवलेला पाहुणा लवकर उठत नाही.

४. सीएनजी घ्या, पण घाट ओळखून.

सुरतेजवळच्या हजिऱ्याला समुद्रातला गॅस किनाऱ्यावर येतो, इथूनच देशाची मोठी गॅस पाइपलाइन वर उत्तरेला गेली. त्यामुळे इथं सीएनजी बाकी गावांच्या आधी रुळला. मारुतीनं २०१० मध्ये कारखान्यातच बसवलेल्या किटच्या गाड्या आणल्या, त्याआधी बाजारातून किट बसवून घ्यावं लागे. जमेल तर कंपनीचंच घ्यावं.

आता रोजचा हिशेब. साठ लिटरच्या टाकीत प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो. अर्टिगाला कंपनी किलोमागे २६ किलोमीटर सांगते, पण सात माणसं, बाजरीचं पोतं आणि बिबड्यांचे डबे भरलेल्या गाडीला तेवढं मिळत नाही. वॅगन आरमध्ये तर टाकी डिकीच खाऊन टाकते. भालोदची वांगी शेवटी मांडीवर घेऊन बसावं लागतं.

कोंडाईबारीच्या चढाला गॅसवर गाडी दमते. तिथं पेट्रोलवर घ्यावी, मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या वाचतात. पेट्रोलची टाकी कधीच कोरडी ठेवू नये, कारण गाडी चालू होते पेट्रोलवर आणि पंप त्याच पेट्रोलात बुडून थंड राहतो. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर कंपनीच्या पुस्तकातल्या मुदतीच्या थोडे आधी बदलावेत. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी, ती चुकली तर पंपवाला गॅस भरायला नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

पेट्रोल महाराष्ट्रात जाण्याआधी भरावं. गेली काही वर्षं लिटरमागे नऊ-दहा रुपयांचा फरक आहे. नवापूरच्या अलीकडे पंपांवर एमएच पासिंगच्या गाड्यांची रांग दिसते ती उगाच नाही.

५. पुराचं पाणी लागलेली गाडी चालू करू नका.

ऑगस्ट २००६ चा पूर सुरतेचा माणूस विसरणार नाही. उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सुटलं आणि अडाजण, रांदेर, अठवा, कतारगाम तापीत गेले. आमचे साडू अडाजणला राहायचे. त्यांची गाडी सोसायटीच्या तळघरात छपरापर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर शेजाऱ्यांनी आपली गाडी किल्ली फिरवून बघितली. एक ठक असा आवाज झाला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर यायला गेला की लोखंडालाच वाकावं लागतं.

साडूंच्या गाडीला आमच्या मिस्त्रीनं हात लावला तो असा. आधी बॅटरीची तार काढली. मग प्लग काढून इंजिन पान्यानं हातानंच फिरवलं. प्लगच्या भोकांतून तापीचं गढूळ पाणी उडालं. ऑइल काढलं, ते दुधाच्या चहासारखं झालेलं. नवं घालून, थोडं चालवून पुन्हा काढलं. एअर फिल्टर फेकला, गालिचे उन्हात टाकले, वायरिंगचा एकेक जोड सोडवून पुसला. गाडी वाचली. गाळाचा वास मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत गेला नाही.

यात विम्याची मेख आहे. नेहमीच्या पूर्ण पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं असतं. पण पाण्यातली गाडी तुम्ही स्वतः चालू केली आणि इंजिन गेलं, तर ते त्यात बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाची जोडपॉलिसी वेगळी घ्यावी लागते. लिंबायत आणि पर्वत पाटियाकडे मिठी खाडीचं पाणी थोड्या पावसातही गल्लीत शिरतं, तिथल्यांनी ती घ्यावीच. एका विमा कंपनीनं आमच्या ओळखीच्या माणसाला पंचनाम्यासाठी इतकं ताटकळत ठेवलं की गाडीला आतून गंज धरला. म्हणून पाणी उतरायच्या आत फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवावेत. नंबरप्लेट आणि पाण्याची पातळी एकाच फोटोत यायला हवी.

६. जीजे आणि एमएच.

गुजरातेत खाजगी गाडीवर किमतीच्या सहा टक्के एकरकमी कर आहे, महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला अकरा टक्क्यांपासून पुढे. त्यामुळे भाचे, पुतणे फोन करतात, “काका, तुमच्या नावावर जीजे-०५ घेऊ का?” मी नाही म्हणतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथं नोंदणी करावी लागते, मोटार वाहन कायद्याचं ४७ वं कलमच आहे. अपघात झाला की कोर्टाचे कागद नावावरच्या माणसाला येतात, तेव्हा पुतण्या फोन उचलेल याची खात्री नसते.

कर्ज फिटल्यावर बँकेकडून फॉर्म ३५ घेऊन आरसी बुकातला बोजा काढून घ्यावा. गाडी विकायच्या वेळी धावपळ करणारे रोज दिसतात.

७. पत्र्याविषयी.

आता तोट्याचं. आमच्या लोकांनी वर्षानुवर्षं दोनच गोष्टी विचारल्या, किती देते आणि विकताना किती येतील. कंपनीनं तेच दिलं. हलकी गाडी, कमी पेट्रोल. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत भारतातल्या स्विफ्टला शून्य तारे मिळाले. २०२३ मध्ये वॅगन आरला एक. कंपनीचा बचाव असा की गाड्या सरकारी नियमांत बसतात. नियमांत बसणं आणि कोंडाईबारीच्या उतारावर समोरून आलेल्या ट्रेलरसमोर टिकणं यांत फरक आहे, एवढंच मी म्हणतो.

करायचं ठरवलं की या कंपनीला येत नाही असंही नाही. २०२४ च्या नव्या डिझायरनं त्याच ग्लोबल एनकॅपकडून पाच तारे घेतले. म्हणजे इतकी वर्षं मागणीच नव्हती. यात दोष शोरूमचा निम्मा आणि आपला निम्मा. मागाच्या धंद्यात स्वस्त सुटा भाग चालतो, तुटला तर कापडाचा ताका बिघडतो. गाडीत माणसं बसलेली असतात.

८. लाल दिवा लागला की थांबा.

ऑइलचा किंवा तापमानाचा दिवा लागला की पुढच्या गावापर्यंत नेऊ, असं म्हणू नये. चांगला जॉबर तुटका धागा पाहून लूम चालू ठेवत नाही, तसंच हे. शहरातल्या एका वर्कशॉपनं माझ्या गाडीचा ऑइलचा दिवा सेन्सरची खोटी तक्रार म्हणून विझवून दिला होता. मी ऑइलची काडी काढून पाहिली तर टोकाला जेमतेम ओल होती. दिवा खोटा आहे असं कुणी सांगितलं तर काडी स्वतः काढून पाहावी, दोन मिनिटांचं काम आहे.

दुरुस्तीची बिलं तारखेनं लावून एका फाइलीत ठेवावीत. वॅगन आर विकताना त्या फाइलीनं घासाघीस निम्मी केली.

सुझुकी कंपनीचे प्रमुख राहिलेले ओसामू सुझुकी २५ डिसेंबर २०२४ ला वारले. सुझुकी घराण्यात जावई म्हणून आले, घराचं नाव घेतलं आणि मारुतीचा करार त्यांच्याच काळात झाला. सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. पुढची गाडीही मी सुझुकीचीच घेईन, पण या वेळी किमतीच्या आधी तारे विचारीन. आणि दिवाळीला बारडोली, व्यारा, सोनगढच्या वाटेनं गावी निघणाऱ्या माझ्या भाऊबंदांना एक सांगणं: मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही पट्टा लावायला लावा. कायद्यानं तो सक्तीचा आहे, आणि नव्या गाड्यांत तो आधीच बसवलेला असतो.