विनाचालक गाडी : शाप की वरदान?

मेसचं जेवण झालं की आपण उमरग्याच्या हायवेवर चहाला जातो. सोलापूर–हैदराबाद वाहतूक रात्रभर चालूच असते. समजा, त्यातल्या एखाद्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच नसला तर?

ही आता नुसती कल्पना नाही. गूगलने २००९ साली यावर काम सुरू केलं आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स परिसरात विनाचालक टॅक्सी सर्वांसाठी खुली झाली. कॅमेरा, रडार आणि लेझरवर चालणारं लायडार रस्ता 'बघतात'; संगणक स्टिअरिंग-ब्रेक सांभाळतो.

फायदा सरळ आहे. यंत्राला डुलकी लागत नाही, ते दारू पीत नाही. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली.

पण तोटेही आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेत टेंपी इथे चाचणीच्या गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला उडवलं. समोर वाहन आहे की सायकल, याचा संगणक सारखा अंदाज बदलत राहिला. ब्रेक वेळेत लागलाच नाही. मग आपल्याकडची मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली त्याला कशी कळणार? शिवाय ड्रायव्हरच्या पोटाचं काय? नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात याच कारणाने अशा गाड्यांना विरोध केला होता.

मला वाटतं, ड्रायव्हर राहू दे. पण डुलकी लागताच त्याला उठवणारं यंत्र आधी येऊ दे. फायनल इयरच्या प्रोजेक्टला विषय शोधताय ना? हा घ्या!