वाचकांचे प्रश्न : लोकप्रियता आणि मालकी

प्रश्न : माझ्या सासूबाई कळण्याची भाकरी, शेवभाजी, बिबडे, खापरावरचे मांडे असे खानदेशी पदार्थ अहिराणीतून समजावून सांगतात आणि मी मोबाईलवर चित्रण करून ते युट्यूबवर टाकते. काम करता करता त्या बहिणाबाईंच्या कविता गातात, कधी साने गुरुजींच्या गोष्टी सांगतात. पाहणारे आता हजारोंनी वाढले आहेत. चॅनल नणंदेच्या मुलाने स्वतःच्या ईमेलवरून उघडले असून पैसे त्याच्याच खात्यात येतात. तो ते प्रामाणिकपणे आम्हांला देतो. सुरत-पुण्याहून मसाल्याची मागणी येते. एका कंपनीने महागडा मिक्सर भेट म्हणून पाठवला आहे. आता मुंबईची एक कंपनी ठोक रक्कम देऊन आमच्या चित्रफितींचे ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर व कायमचे’ लिहून मागते. सही करावी काय? कर कोणते भरावे लागतील? — एक गृहिणी, अमळनेर

उत्तर : आपल्या पत्रात विचारलेल्या गोष्टी अनेक असल्या, तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो असा की, जे लोकप्रेम आपण दोघींनी श्रमाने संपादन केले, त्यातील कायद्याने आपले म्हणता येईल असे नेमके काय आहे? युट्यूबवरील प्रेक्षकवर्ग हा खंडाने केलेल्या शेतासारखा असतो. पीक आपले, परंतु सातबारा दुसऱ्याच्या नावाचा. लांब चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नाचा 55 टक्के वाटा निर्मात्यास मिळतो. मात्र तो मिळण्याचे नियम ठरविण्याचा अधिकार निर्मात्याकडे नसतो. म्हणूनच ज्यांनी या क्षेत्रात स्थिर व्यवसाय उभारला, त्यांनी लोकप्रियतेचे रूपांतर स्वतःच्या मालकीच्या वस्तूंत केले. मधुरा बाचल यांनी पाककृतींच्या चित्रफितींनी कमावलेला विश्वास पुढे स्वतःच्या नावाच्या मसाल्यांपर्यंत नेला. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील सुमन धामणे, म्हणजे ‘आपली आजी’, यांचे चॅनल 2020 साली काही दिवस परक्या इसमांच्या कबजात गेले होते. ते सुदैवाने परत मिळाले, पण वर्षाची मेहनत एका संकेतशब्दावर कशी टांगलेली असते हे त्यावरून सर्वांनी जाणावे.

प्रथम खात्याचा विचार करू. भाचा प्रामाणिक आहे हे आपले भाग्य. तथापि रक्कम त्याच्या खात्यात जमा होते तोवर आयकर खाते ती मिळकत प्रथमदर्शनी त्याचीच समजणार, आणि उद्या घरात काही मतभेद झाला वा त्याच्यावर कोणाचे देणे निघाले, तर आपला हक्क सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येईल. म्हणून चॅनलची मुख्य मालकी आपल्या स्वतंत्र ईमेलकडे वर्ग करून घ्यावी. ज्या ॲडसेन्स खात्यातून पैसे येतात ते एका व्यक्तीकडून दुसरीकडे हस्तांतरित होत नाही. ते नव्याने उघडून चॅनलला जोडावे लागते. भाच्याला संपादकाचा अधिकार व ठराविक मोबदला द्यावा, म्हणजे त्याच्या श्रमाचाही मान राहील.

आता आपण आणि सासूबाई यांच्यातील हक्कांकडे वळू. कॉपीराइट अधिनियम 1957 अन्वये चित्रफितीचा प्रथम मालक तिचा निर्माता, म्हणजे ती तयार करण्याचा पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती होय; आपल्या पत्रावरून ती आपण दिसता. परंतु चित्रफितीत जिचे हात राबतात आणि जिचा आवाज ऐकू येतो, तिलाही त्याच अधिनियमाने कलावंताचा स्वतंत्र हक्क दिला आहे. (पदार्थ करण्याची रीत मात्र कोणाचीही मिरास नव्हे, संरक्षण मिळते ते तिच्या शब्दांना व चित्रणाला.) सबब दोघींनी भागीदारीचा करारनामा करून तो भागीदारी अधिनियम 1932 खाली निबंधकाकडे नोंदवावा, नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेस कराराच्या हक्कासाठी परक्यावर दावा लावता येत नाही. भागीदारी संस्थेच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के दराने आयकर बसतो; मात्र काम करणाऱ्या भागीदारांचे मेहनताने विहित मर्यादेत वजा होतात, आणि त्यासाठी करारनाम्यात तशी तरतूद असावी लागते. ही तरतूद करण्यास विसरू नये.

मुंबईच्या कंपनीचा मसुदा आहे तसा स्वीकारू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते, आणि त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश व किती मोबदला यांचा निर्देश असावा लागतो. मुदतीचा उल्लेख नसेल तर कायदा ती पाच वर्षांची मानतो, प्रदेशाचा नसेल तर तो भारतापुरता मानतो. परंतु ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द एकदा स्पष्ट लिहून दिले, की या संरक्षक तरतुदी आपल्या मदतीस येत नाहीत. म्हणून हस्तांतरणाऐवजी परवाना द्यावा : मोजक्या चित्रफितींचा, एकदोन वर्षांच्या मुदतीचा, नाव घेऊन सांगितलेल्या माध्यमांपुरता, उत्पन्नाच्या टक्केवारीचा व जमाखर्च तपासण्याचा हक्क राखून. चॅनलचे नाव, सासूबाईंची प्रतिमा आणि मसाल्याचा व्यवसाय या परवान्याबाहेर ठेवावा. करार संपल्यावरही अन्यत्र असे काम करू नये अशी अट करार अधिनियम 1872 च्या कलम 27 मुळे सामान्यतः निरर्थक ठरते. तरी तीही खोडून घ्यावी, कारण निरर्थक अटीचा धाकही दुर्बळ पक्षाला पुरेसा असतो. वादाचे स्थळ मुंबई लिहिलेले असेल तर जळगाव जिल्हा मागावा.

ठोक रकमेचा मोह स्वाभाविक आहे. पण मालकी राखून ठेवण्याचे फळ अमळनेरकरांना परक्याने समजावून सांगण्याचे कारण नाही. 1945 साली याच गावात महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची जी कंपनी स्थापन केली, तिचे, म्हणजे आजच्या विप्रोचे, भाग ज्या घरांनी विकले नाहीत त्या घरांच्या पुढच्या पिढ्या त्याची साक्ष देतील. प्रत्येक कृतीस असे भाग्य लाभेलच असे नाही. म्हणून वाटल्यास आगाऊ रक्कम अवश्य घ्यावी, पण ती भाड्यापोटी घ्यावी, खरेदीपोटी नव्हे.

सासूबाईंच्या गाण्यांविषयी व गोष्टींविषयी आपण निश्चिंत असावे, केवळ एक पथ्य पाळून. साने गुरुजी 11 जून 1950 रोजी निवर्तले. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षांची मुदत धरता त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरील हक्क 2010 च्या अखेरीस संपला. बहिणाबाईंचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, 1952 साली प्रथम प्रसिद्ध झाला, आणि मरणोत्तर प्रकाशनाची मुदत प्रकाशनापासून मोजली जात असल्याने त्या संग्रहातील कविता 2012 च्या अखेरीस सर्वांच्या झाल्या. परंतु एखाद्या संगीतकाराने बांधलेली चाल किंवा ध्वनिमुद्रण यांवर स्वतंत्र हक्क असू शकतो. तेव्हा सासूबाईंनी जात्यावरच्या परंपरागत ढंगातच गावे, आणि पार्श्वभूमीला मुद्रित गाणे लावू नये.

मसाला विकावयाचा तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी घरगुती उत्पादकासही आवश्यक आहे. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, किंमत, दिनांक, निर्मात्याचा पत्ता आणि नोंदणी क्रमांक छापावा. मसाला हा करपात्र माल असल्याने वस्तू व सेवा करासाठी एक भेद ध्यानी धरावा : पुण्याला माल पाठविणे हा राज्यांतर्गत व्यवहार आहे, आणि माल व सेवा मिळून उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण ताप्ती खोऱ्याच्या गाडीने काही तासांवर असलेली सुरत गुजरातेत असल्याने तेथे पहिले पाकीट पाठविण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. नोंदणीनंतर परदेशी कंपनीकडून परकीय चलनात येणारे जाहिरातींचे उत्पन्न, निर्यातीच्या अटी पूर्ण होत असतील तर, हमीपत्र देऊन करमुक्त ठेवता येते. मसाल्याच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीही आताच करावी. ती दहा वर्षांची असून नूतनीकरणास पात्र असते.

आपल्या चित्रफिती अमेरिकेतील मराठी कुटुंबेही पाहत असतील, तर त्यांच्यापासून होणाऱ्या उत्पन्नावर तेथील कर कापला जातो; करविषयक माहितीचे प्रपत्र भरून भारताशी असलेल्या तहाचा लाभ मागितल्यास तो 15 टक्क्यांपुरता राहतो, आणि त्याची वजावट येथील विवरणपत्रात रीतसर मागता येते. मिक्सर ठेवून घेतला तर त्याचे मूल्यही व्यवसायाची मिळकतच होय. एका वर्षात अशा भेटी एका देणाऱ्याकडून 20,000 रुपयांवर गेल्यास त्याने 10 टक्के कर कापून भरावयाचा असतो. मिक्सर परत केला तर हा प्रश्न उरत नाही. आणि तो ठेवून त्याची शिफारस केलीत, तर ती जाहिरात आहे हे चित्रफितीच्या भाषेतच, ठळकपणे सांगणे आपले कर्तव्य आहे. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाहूनही महत्त्वाचे हे की, सासूबाईंच्या शब्दावर विसंबून ज्या गृहिणी खरेदी करतात, त्यांचा विश्वास हेच या व्यवसायाचे खरे भांडवल आहे.

कामाचा क्रम असा ठेवावा : आधी चॅनलचा ताबा, मग भागीदारीचा करारनामा, त्यानंतर परवाने व नोंदण्या, आणि सर्वांत शेवटी कंपनीशी बोलणी; मसुदा स्थानिक वकिलांना व हिशेब सनदी लेखापालांना दाखवावा. सासूबाईंच्या नावे बँकेत खाते व पॅन नसेल तर तेही याच आठवड्यात काढावे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या स्वयंपाकाची आणि ओव्यांची तारीफ झाली, पण त्या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत त्यांच्या नावे झाली नाही. आज ती करण्याचा मार्ग कायद्याने मोकळा आहे, तेव्हा भागीदारीच्या करारनाम्यात पहिले नाव त्यांचे असावे.