गंजलेला छोटा टेम्पो आणि हाताशी आलेला मुलगा

दहावीचा निकाल लागला की किनारपट्टीवरील पुष्कळ घरांत एकच प्रश्न उभा राहतो. मुलगा पुढे शिकणार की धंद्याला लागणार? ज्यांच्या घरी मासळीचा, आंब्याचा, भंगाराचा किंवा किराणा मालाचा धंदा आहे, ते वडील मग मुलाच्या नावाने एखादा जुना छोटा टेम्पो पाहू लागतात. नवी गाडी परवडत नाही, कर्जाचे ओझे नको असते, आणि बाजारात जुन्या गाड्या भरपूर असतात. २००५ मध्ये टाटा मोटर्सने 'एस' ही दोन सिलिंडरची, सुमारे ७०० सी.सी. डिझेल इंजिनाची छोटी मालगाडी आणली. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' हे नाव दिले. तेव्हापासून अशा गाड्या गल्लीबोळांत पोहोचल्या आणि आता त्यांतील पहिल्या खेपेच्या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत.

उदाहरणादाखल रत्नागिरीकडील एक घर डोळ्यांसमोर आणू. वडील मासळीचा व्यापार करतात, मुलगा सोळा वर्षांचा आहे. दारात नवा रंग दिलेला जुना टेम्पो येतो. रंग चकाकतो, इंजिन एका चावीत सुरू होते, सौदा होतो. पहिल्या पावसाळ्यात ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा दबतो आणि चटईखालून रस्ता दिसू लागतो. रंगाखाली लांबी होती आणि लांबीखाली गंज. आता गाडी भंगारात घालावी की दुरुस्त करावी? या प्रश्नाचे उत्तर भावनेने नव्हे, पाहणीने आणि हिशेबाने द्यायचे असते. ती पाहणी कशी करावी, हा या पाठाचा विषय आहे.

गंज कसा चढतो

लोखंडाला पाणी आणि हवेतील प्राणवायू एकत्र मिळाले की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया फार वेगाने होते, कारण खारे पाणी विजेचे चांगले वाहक आहे आणि गंजण्याची क्रिया मुळात विजेसारखीच चालते. मासळीच्या पेट्यांतून गळणारे बर्फाचे पाणी खारट असते. ते हौद्याच्या सांध्यांतून चासीवर उतरते, मातीत मुरते आणि तेथेच राहते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून तो फुगतो, वरचा रंग उचलतो आणि पापुद्रे होऊन गळतो. गळालेल्या जागी नवे लोखंड उघडे पडते. गंज एकदा बसला की आपोआप थांबत नाही, त्याचे कारण हेच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. गंज बहुधा आतून बाहेर येतो. दरवाजाच्या तळाशी पाणी जाण्यासाठी बारीक भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली की दरवाजा पाण्याची टाकी बनतो. बाहेर रंगावर लहानसा फोड दिसतो तेव्हा आतला पत्रा अर्धा संपलेला असतो.

घेण्यापूर्वीची पाहणी

पाहणीला चार वस्तू पुरतात : लोहचुंबक, छोटी हातोडी, जुना स्क्रूड्रायव्हर आणि बॅटरी. पातळ कापडात गुंडाळलेला लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावा. जेथे तो पकड सोडतो तेथे जाड लांबी आहे असे समजावे. चाकांच्या वरच्या कमानी, दरवाजाचे तळ, पायऱ्या आणि काचेखालची पट्टी या जागा प्रथम पाहाव्यात.

मग चटई उचलून पायाखालचा पत्रा पाहावा. बॅटरीखालचा कप्पा पाहावा, कारण तेथे ॲसिडही सांडलेले असते. नंतर गाडीखाली जाऊन चासीवर हातोडीने हलके ठोके मारावेत. चांगले लोखंड खणखणते, कुजलेले बदबद वाजते. शंका येईल तेथे स्क्रूड्रायव्हर टोचावा. विकणारा नाराज झाला तरी चालेल. जो टोचू देत नाही त्याची गाडी घेऊ नये.

चासीत सर्वांत नाजूक जागा म्हणजे पाट्यांचे ब्रॅकेट जेथे बसतात आणि स्टिअरिंगचा बॉक्स जेथे बांधलेला असतो त्या. येथे लोखंड आरपार गेले असेल तर सौदा सोडावा. भरलेल्या गाडीचा सगळा भार आणि वळणावरचा सगळा ताण याच जागांवर येतो. वरून पट्टी डागून दिलेली चासी उतारावर दगा देते, तेव्हा आत आपलाच मुलगा बसलेला असतो.

चासी नंबर आर.सी. पुस्तकाशी ताडून पाहावा. नंतर काम करताना त्या जागी ग्राइंडर लावू नये, लांबी भरू नये. नंबर पुसट झाला तर पासिंगच्या वेळी चोरीच्या गाडीचा संशय आपल्यावर येतो.

तीन प्रतींचा गंज

सर्व गंज सारखा नसतो. पहिल्या प्रतीचा गंज वरवरचा असतो. वायर ब्रश आणि ऐंशी नंबरच्या पेपरने घासले की खाली चकचकीत लोखंड लागते. दुसऱ्या प्रतीत घासल्यावर लोखंड लागते पण त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे राहतात. या खड्ड्यांतील गंज ब्रशने निघत नाही. त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिडचे गंजनाशक द्रावण लावावे, डब्यावर लिहिलेला वेळ थांबावे, सांगितले असेल तसे धुऊन पूर्ण कोरडे करावे. तिसऱ्या प्रतीत पत्रा आरपार गेलेला असतो. त्याला कोणतेही औषध नाही. तो कापावाच लागतो.

बाजारात गंज 'बदलणारी' काळी द्रावणेही मिळतात. ती पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर उपयोगी पडतात. सुटे पापुद्रे तसेच ठेवून वरून ती फासली तर पैसा वाया जातो.

कामाचा क्रम

प्रथम गाडी धुवावी. गाडीखालची माती आणि मीठ साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन काढावे व गाडी उन्हात वाळवावी. मिठावर दिलेला रंग टिकत नाही. मग थिनरच्या फडक्याने तेल-ग्रीस पुसावे आणि त्यानंतरच घासकामाला लागावे.

कापताना डोळ्यांना दिसणाऱ्या भोकापुरते कापू नये. चांगले, जाड लोखंड लागेपर्यंत, म्हणजे साधारण इंचभर पलीकडे कापावे. ठिगळाचा पत्रा मूळ पत्र्याच्या जाडीचा घ्यावा. बॉडीला बहुधा २० गेज (सुमारे ०.९ मि.मी.) आणि पायाखालच्या तळाला १८ गेज (सुमारे १.२ मि.मी.) पत्रा पुरतो. आधी जाड कागदाचा साचा कापावा, तो बसवून पाहावा आणि मग पत्रा कापावा. पुठ्ठा चुकला तर काही जात नाही.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या तारा काढाव्यात. डिझेलची टाकी व पाइप जवळ असतील तर उतरवून दूर ठेवावेत. रिकाम्या टाकीवर कधीही वेल्डिंग करू नये. आतली वाफ पेट घेऊन स्फोट होतो. सीट, चटई, वायरिंग बाजूला करावे, वाळूची बादली जवळ असावी, आणि काम संपल्यावर अर्धा तास तरी जागा सोडू नये. पातळ पत्र्यावर सलग टाका ओढला तर पत्रा तापून वेडावाकडा होतो. म्हणून इंच-इंचावर टॅक मारावेत, एक इकडे तर एक तिकडे, आणि मधल्या जागा हळूहळू भराव्यात. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याचा धूर छातीत जाऊ देऊ नये. त्याने रात्री थंडी भरून ताप येतो.

टाका घासून सपाट झाला की त्याच दिवशी प्रायमर द्यावा. कोकणच्या हवेत उघडा पत्रा रात्रीतून तांबूस होतो. एपॉक्सी प्रायमर सर्वांत चांगला, निदान झिंक फॉस्फेटचा तरी असावा. लांबी शेवटी, पातळ, दोन-तीन मि.मी.पेक्षा जास्त नाही. लांबी खळगा बुजवण्यासाठी असते, भोक बुजवण्यासाठी नव्हे. ती पाणी शोषते, म्हणून उघडी ठेवू नये.

पूर्वीचाच रंग द्यावा. रंग बदलला तर आर.सी.मध्ये नोंद करून घ्यावी लागते. शेवटी दरवाजाच्या आत आणि पोकळ पट्ट्यांत मेणयुक्त गंजरोधक फवारावे व पाणी जाण्याची भोके उघडी आहेत ना ते पाहावे. चासीला जळके ऑइल फासण्याची जुनी पद्धत सोडावी. ते रबराच्या बुशांना खराब करते, ब्रेकवर उडते आणि पहिल्या पावसात रस्त्यावर उतरते.

रंगाच्या नादात ब्रेक विसरू नये. ब्रेकचे गंजलेले पाइप बदलायचे असतात, डागायचे नसतात. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून तेही बदलावे. टायरवर चार आकड्यांत तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

हंगामाची अडचण

मासळीवाल्याचा टेम्पो पावसाळी बंदीच्या काळात, जून-जुलैत, मोकळा असतो. म्हणून अनेकजण तेव्हाच रंगकाम काढतात आणि वर्षभरात पुन्हा फोड येतात. हवेतील ओल ८५ टक्क्यांच्या वर असताना रंगकाम करू नये, हा या धंद्यातला नियम आहे. पावसाळ्यात हवा त्याच्या वरच असते. यावर तोड अशी : पावसाळ्यात छपराखाली इंजिन, ब्रेक, पाटे, वायरिंगची कामे उरकावीत आणि कापणी, वेल्डिंग, रंग दिवाळीनंतर घ्यावेत. चार दिवस धंदा बुडेल, पण काम चार वर्षे टिकेल.

मुलाने काय करावे

असा टेम्पो मुलासाठी उत्तम शाळा आहे. धुणे, खरडणे, हातोडीने पारख करणे, कागदी साचे कापणे, पाण्याचा पेपर मारणे, खर्चाची वही ठेवणे ही कामे त्याने करावीत. वेल्डिंग मिस्त्रीने करावे व मुलाने काळ्या काचेआडून पाहावे. पी.यू. रंगाच्या फवाऱ्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा लागू शकतो. साध्या रुमालाने तो अडत नाही. म्हणून फवारणीच्या वेळी मुलगा तेथे नसावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. घोड्या लावाव्यात.

आणि चावी? ती वडिलांच्याच खिशात राहावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे अठरा वर्षांपूर्वी अशी गाडी चालवता येत नाही, आणि मालवाहू, म्हणजे व्यावसायिक वाहनासाठी वयाची अट वीस वर्षांची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. "बंदरापर्यंतच तर जातो" हे शब्द एका घराचा धंदा बुडवू शकतात.

हिशेबाची वही

समजा, गाडी ९० हजारांना, पत्रा-रंग ४५ हजार, ब्रेक-टायर ३० हजार, विमा-पासिंग २५ हजार. एकूण १ लाख ९० हजार. डिझेल आणि मजुरी वजा जाता दिवसाला ६०० रुपये उरले तर सुमारे ३१७ कामाचे दिवस लागतात. महिन्याला पंचवीस दिवस आणि बंदीचे दोन महिने धरले तर पैसे फिटायला साधारण पंधरा महिने. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले मांडावेत. मालगाडीचे पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते, तसेच पंधरा वर्षांवरील गाड्यांचे शुल्क २०२२ पासून बरेच वाढले आहे. तो खर्च वहीत आधीच लिहावा. पैसे फिटण्याआधी चासी संपणार असेल तर ती गाडी स्वस्त नाही, महाग आहे.

पुढे गाडी विकायची वेळ आली तर तीच वही गिऱ्हाइकासमोर ठेवावी. कोठे ठिगळ आहे, कोठे लांबी आहे, हे आपण होऊन सांगावे. मालाचा ऐब सांगून विकणे हा आपल्या व्यापाराचा जुना दंडक आहे. दोन-चार हजार कमी मिळतील, पण त्या पत्र्यावर पाय ठेवणाराही कोणाचा तरी मुलगा असतो.

घरचा अभ्यास

या आठवड्यात मुलाला हातोडी आणि लोहचुंबक देऊन दारातील गाडीची पाहणी करायला सांगावे. कागदावर गाडीची आकृती काढून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीच्या गंजाच्या खुणा कराव्यात. वडिलांनी नंतर स्वतः तपासावे आणि राहिलेल्या जागा दाखवाव्यात. मासळीची गाडी असेल तर रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे, आणि हौद्यातील पाणी चासीवर किंवा रस्त्यावर न सांडता डब्यात जाईल अशी नळी बसवायला लावावी. रस्त्यावर सांडलेल्या या पाण्यावरून दुचाकीवाले घसरतात, हेही त्याला सांगावे.

ज्या मुलाला गंज ओळखता येऊ लागला, तो विसाव्या वर्षी स्टिअरिंगवर बसेल तेव्हा गाडीचा आवाज ऐकूनच तिची प्रकृती सांगेल. तोपर्यंत घाई नको.